न दुखणारं पाऊल
पायांची चिकित्सा, म्हणजे पोडियाट्री, शिकायला लागताना यंत्रांच्या आधी पाऊल बघायला शिकावं, असं माझं मत पक्कं होत चाललं आहे. त्याला आधार कुष्ठरोगाच्या कामाचा. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत. संवेदना गेलेल्या पायावर त्याच जागी पुन्हा पुन्हा दाब पडतो, जखम होते आणि दुखत नसल्याने माणूस चालतच राहतो. आपल्या अमरावतीच्या तपोवन या कुष्ठधामात दाजीसाहेब पटवर्धनांनी 1946 पासून जी सेवा केली, तीही अशाच पायांची. मधुमेहातही पायाची संवेदना जाऊन हेच घडतं. म्हणून पहिला धडा साधा: रुग्णाला डोळे मिटायला सांगून 10 ग्रॅमचा नायलॉनचा तंतू अंगठ्याखाली, चवड्यावर वाकेपर्यंत टेकवून जाणवतो का विचारायचं, आतल्या घोट्यामागे नाडी लागते का बघायची, बोटांच्या बेचक्या उघडून पाहायच्या.

कुणी म्हणेल, अकोटच्या काळ्या रानात अनवाणी राबणाऱ्यांचे तळवे घट्टच असतात, त्यांना हे शहरी लाड कशाला? पण घट्टा म्हणजे कवच नव्हे. बधिर पायात तो खालच्या मांसावरचा दाब वाढवतो, त्याच्याआड जखम लपते. तुरीचं धसकट रुतलं तरी ज्याला कळत नाही, तो दवाखान्यात येईलच कशाला? ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरला वहाणा काढायला लावून पाय बघायला वेळ नसतो, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणूनच हे परिचारिकेने, आशाताईने शिकावं. तंतू टेकवायला पदवी लागत नाही. घट्टा खरवडणं मात्र शिकवणाऱ्याच्या नजरेखालीच, आणि रुग्णाने घरी ब्लेडने तर मुळीच नाही.