चातुर्मासातला संसार

मराठी ऐतिहासिक कादंबरीतल्या प्रेमाला पाऊस लागतो. कवितेतला नव्हे, नद्यांना पूर आणणारा, तोफांची चाकं रुतवणारा. दसऱ्याला सोनं लुटून फौज सीमोल्लंघनाला निघायची, ती पावसाच्या तोंडावर छावणीला परतायची. म्हणजे पेशवाईतल्या नवराबायकोच्या वाट्याला एकमेकांचे जेमतेम चार महिने. आणि नेमके तेच चार महिने देवांनीही मागून ठेवलेले! आषाढी एकादशी झाली की चातुर्मासाचे नेम, सोवळं, मंगळागौर, हरतालिका. ज्याच्या आयुष्यासाठी उपास धरायचा तो माणूस प्रत्यक्ष घरात, आणि ही निर्जळी.

रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ मध्ये आली. तिच्यातली माधवराव पेशवे आणि त्यांच्या पत्नी रमाबाई ही रमा-माधवाची जोडी अनेक घरांत देवादिकांसारखी नांदली. मला ती कादंबरी आठवते ती मात्र वेळेच्या टंचाईची गोष्ट म्हणून. पानिपतच्या पराभवानंतर काही महिन्यांतच, सोळा वर्षांचा माधव पेशवा होतो. एकीकडे निजाम, दुसरीकडे हैदर, आणि घरात काका राघोबादादा. (तिसरी आघाडी सगळ्यांत महाग पडली.) न्यायाधीश रामशास्त्र्यांची ती गोष्ट प्रसिद्धच आहे: माधवराव जपतपात रमलेले पाहून शास्त्रीबुवांनी सुनावलं, की ब्राह्मणधर्मच पाळायचा तर राज्य सोडून काशीला चला. माधवरावांनी ऐकलं, म्हणतात. दंतकथा असेल, पण तिच्यातला हिशेब खरा आहे. जो वेळ देवालाही मिळाला नाही, तो रमाबाईंना कुठून मिळणार?

पावसाळ्याचाही भरवसा नव्हता. राक्षसभुवनची लढाई १० ऑगस्ट १७६३ ची. गोदावरीला पूर, निजामाची फौज दोन काठांवर तुटलेली, आणि पेशव्यांनी अलीकडची अर्धी गाठली. इतिहासात तो मोठा विजय. घरी मंगळागौरीचे दिवस.

शेवट थेऊरला. १७७२ चा दसरा गेला, कार्तिकी एकादशी गेली, मोहिमांचे दिवस उजाडले, आणि १८ नोव्हेंबरला चिंतामणी गणपतीच्या सान्निध्यात क्षयानं माधवराव गेले. रमाबाई सती गेल्या. इथे मात्र मी कादंबरीपासून दूर सरकतो. चितेला प्रेमाचा कळस मानायची आपल्या वाचकांची खोड जुनी आहे. ती मला कधी पटली नाही. अशा शेवटात श्रद्धेची परीक्षाच होत नाही, तिला तेवढा अवधीच मिळत नाही.

तो अवधी मिळाला पार्वतीबाईंना, सदाशिवरावभाऊंच्या पत्नीला. १७६० मध्ये उत्तरेकडे निघालेल्या भाऊंच्या फौजेबरोबर बायका होत्या, तीर्थयात्रेचं पुण्य जोडायला निघालेले यात्रेकरूही होते. रसद त्यांनाही लागत होती, देव त्यांनाही हवा होता. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सगळं उधळलं. पार्वतीबाई वाचून दक्षिणेत आल्या. भाऊ मेले हे त्यांनी मानलं नाही. वैधव्य घेतलं नाही. लोकांना हे वेड वाटलं असेल. मला ती युद्धकाळातली सर्वांत हट्टी प्रेमकथा वाटते, कारण तिच्यात नायक कुठेच नाही, आहे ते फक्त कुंकू.

पुढे भाऊसाहेब म्हणवणारा तोतया उभा राहिला, माणसं त्याच्यामागे गेली, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. दरबाराच्या दृष्टीनं प्रकरण मिटलं. पण खोटा भाऊ मारला, म्हणून खरा मेला असं कुठं ठरतं?