कुंपण कोणासाठी?

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी म्हणीच्या रूपाने फार पूर्वीच विचारून ठेवला आहे. वाडीला कुंपण हवे, याविषयी शेतकऱ्याच्या मनात शंका नसते. ते नसेल तर रात्रीतून गुरे शिरतात आणि कोवळी रोपे फस्त करतात. परंतु कुंपण पिकासाठी असते, पीक कुंपणासाठी नसते. विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत जन्मलेल्या औषधांचा आणि त्यांवर घेतलेल्या पेटंटांचा विचार करू लागलो की आम्हांस ही साधी म्हण वारंवार आठवते.

पेटंट म्हणजे शासकीय मराठीतील एकस्व. संशोधकाने आपला शोध जगापुढे उघड करावा आणि त्या बदल्यात ठरावीक मुदतीपर्यंत, आज बहुतेक देशांत अर्जापासून २० वर्षे, त्याच्या अनुमतीवाचून तो शोध अन्य कोणी वापरू नये, असा हा करार आहे. करणारे दोघे आहेत, संशोधक आणि समाज. यातील दुसऱ्या पक्षाचा विसर पडला की अनर्थ ओढवतो.

या करारामागचा सद्‌हेतू पाहावयाचा असेल तर कॅनडातील टोरांटो विद्यापीठाकडे वळावे लागते. १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग हे तरुण शल्यविशारद आणि चार्ल्स बेस्ट हे त्यांचे साहाय्यक, प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत, स्वादुपिंडातून एक अर्क वेगळा करण्याच्या खटपटीस लागले. पुढे जेम्स कॉलिप हे जीवरसायनतज्ज्ञ त्यांना येऊन मिळाले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला या अर्काचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. अर्क अशुद्ध असल्याने त्याचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर २३ जानेवारीस पुन्हा इंजेक्शन दिले आणि मुलाच्या रक्तातील साखर उतरली. मधुमेही बालकाला अर्धपोटी ठेवून त्याचा मृत्यू थोडाफार लांबवावा, यापलीकडे त्या काळी वैद्यांच्या हाती काही नव्हते. लिओनार्ड त्यानंतर १३ वर्षे जगला. तो अर्क म्हणजे इन्सुलिन.

वैद्याने औषधावर मालकी सांगणे बँटिंग यांना आपल्या व्यवसायधर्माशी विसंगत वाटत होते. म्हणून पेटंटच्या पहिल्या अर्जात त्यांनी आपले नाव घालू दिले नाही. ते नंतर घालावे लागले. जानेवारी १९२३ मध्ये बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप या तिघांनी आपापले हक्क प्रत्येकी १ डॉलर घेऊन विद्यापीठाच्या स्वाधीन केले. मग पेटंट घेतलेच कशाला, असे वाचक विचारतील. इन्सुलिन तयार करण्याची रीत प्रसिद्ध झाल्यावर एखाद्या धूर्ताने तिच्यावर हक्क मिळवून मक्तेदारी प्रस्थापित करू नये, हा पहिला हेतू. परवाना देताना औषधाची शुद्धता आणि शक्ती पारखून घेता यावी, हा दुसरा. हे कुंपण पिकासाठी घातलेले होते.

कुंपणच नको, सारे रान मोकळे सोडावे, असे म्हणणारे सज्जनही आहेत. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. तथापि पेनिसिलिनचा इतिहास त्यांनी ध्यानात घ्यावा. १९४० च्या सुमारास ऑक्सफर्ड विद्यापीठात फ्लोरी आणि चेन यांनी पेनिसिलिनला औषधाचे रूप दिले. पेटंट घ्यावे, असा चेन यांचा आग्रह होता. औषधाचे पेटंट घेणे अशोभनीय आहे, असे सांगून ज्येष्ठांनी त्यांना थांबविले. पुढे मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाच्या पद्धतींवर अमेरिकेत पेटंटे निघाली आणि ब्रिटनमध्ये त्याविषयीची खंत दीर्घकाळ बोलली गेली. नुसता चांगुलपणा नेहमीच पुरेसा पडत नाही.

१९८० मध्ये अमेरिकेने बे-डोल नावाचा कायदा केला. सरकारी पैशांतून झालेल्या संशोधनाचे पेटंट विद्यापीठांनी स्वतःकडे ठेवावे आणि कंपन्यांना परवाने द्यावेत, अशी मुभा त्याने दिली. शोध कपाटात धूळ खात पडू नयेत, हा त्यामागील विचार चुकीचा नव्हता. प्रयोगशाळेतील रसायनाचे औषध होण्यास वर्षानुवर्षांच्या चाचण्या आणि अफाट भांडवल लागते. ते विद्यापीठांपाशी नसते, कंपन्यांपाशी असते. मात्र या व्यवहारात एक फट राहून गेली. ती एड्सच्या एका औषधाने जगाला दाखविली.

त्या औषधाचे नाव स्टॅव्ह्युडिन. १९६६ मध्ये जेरोम हॉर्विट्झ यांनी डेट्रॉइट येथे कर्करोगावरील संशोधनातून ते तयार केले. कर्करोगावर त्याचा उपयोग झाला नाही आणि ते बाजूला पडले. १९८० च्या दशकात येल विद्यापीठातील विल्यम प्रुसॉफ आणि ताय-शुन लिन यांना ते एड्सच्या विषाणूस रोखते, असे आढळले. येलने या उपयोगाचे पेटंट घेतले आणि ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीस एकहाती परवाना दिला. १९९४ मध्ये औषध अमेरिकेच्या बाजारात आले आणि येलला त्यातून स्वामित्वशुल्काचे मोठे उत्पन्न मिळू लागले. पण तीन औषधे एकत्र घेण्याच्या नव्या उपचाराचा पाश्चात्त्य देशांतील खर्च प्रत्येक रुग्णामागे वर्षाला १०,००० डॉलरच्या वर जात होता. ज्या आफ्रिकेत रोगाने कहर मांडला होता, तेथील रुग्णाला ही रक्कम कल्पनेतही परवडणारी नव्हती.

तेथीलच कशाला? १९९९ साली आम्हांस गुरुदीक्षा होऊन फार दिवस झाले नव्हते. साहाय्यक धर्मगुरू म्हणून आम्ही किनाऱ्यालगतच्या एका धर्मग्रामात होतो. तेथील एका घरी मागील पडवीत एक तरुण महिनोन्‌महिने खाटेला खिळून होता. रोगाचे नाव घरात कोणी उच्चारीत नसे. आजाऱ्यास कम्युनियन देऊन आम्ही निघालो, तेव्हा त्याचे वडील फाटकापर्यंत सोबत आले आणि हळूच म्हणाले, “फादर, औषध निघालंय असं पेपरात येतं. मग ते आमच्या पोरापर्यंत का येत नाही?” न्याय या विषयावर सेमिनरीत आम्ही पुष्कळ वाचले होते. परंतु तो प्रश्न इतक्या थोडक्या शब्दांत कोठल्याही ग्रंथात मांडलेला आम्हांस आढळला नव्हता. पुढच्या पावसाळ्यात त्या तरुणाचे दफन झाले.

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा हा उपचार ‘सीमाविरहित डॉक्टर’ या संस्थेस वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. त्या तिहींत स्टॅव्ह्युडिन होते. भारताच्या १९७० च्या कायद्यानुसार औषधाच्या निर्मितीपद्धतीवर पेटंट मिळे, खुद्द औषधावर मिळत नसे. म्हणून हे येथे शक्य झाले. दक्षिण आफ्रिकेत मात्र येलचे पेटंट आडवे येत होते. त्या संस्थेने येलकडे विनंती केली. परवाना एकहाती असल्याने उत्तर कंपनीनेच द्यावे, अशा आशयाचा निरोप विद्यापीठाकडून आला. मालक आपण, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात! ओंजळभर पाण्याने हात धुऊन जबाबदारीतून मोकळे होण्याचा हा प्रकार आमच्या वाचकांस अपरिचित नाही.

परंतु येलचे विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी सह्या गोळा केल्या, अध्यापकांना गाठले. विशेष म्हणजे ज्यांच्या नावावर शोध होता आणि ज्यांना त्यापासून उत्पन्न मिळत होते, ते वयोवृद्ध प्रुसॉफ विद्यार्थ्यांच्या बाजूने उघडपणे उभे राहिले. १४ मार्च २००१ रोजी कंपनीने दक्षिण आफ्रिकेत या पेटंटचा आग्रह धरणार नसल्याचे जाहीर केले आणि औषधाची किंमत दिवसाला १५ सेंटपर्यंत उतरविली. जे अशक्य म्हटले जात होते, ते काही आठवड्यांत घडले.

१ एप्रिल २००४ पासून आपल्या शासनाने एड्सवरील औषधे मोफत देण्यास आरंभ केला. मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे त्या पहिल्या केंद्रांपैकी एक होते आणि प्रारंभीच्या औषधांत स्टॅव्ह्युडिनचा समावेश होता. दीर्घकाळ घेतल्यास त्याचे दुष्परिणाम गंभीर होतात, असे दिसून आल्याने २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा सल्ला दिला. त्याची जागा अधिक सुरक्षित औषधांनी घेतली आहे. परंतु त्याने शिकविलेला धडा कालबाह्य झालेला नाही.

परवान्याच्या कागदावर सही होते, त्या दिवशीच गरिबाचा हिस्सा लिहून ठेवला पाहिजे, हा तो धडा होय. एकदा किल्ली देऊन टाकल्यावर सद्भावना उरते, अधिकार उरत नाही. २००७ मध्ये स्टॅनफर्डसह अमेरिकेतील काही नामांकित विद्यापीठांनी परवान्यांविषयी नऊ मुद्दे मान्य केले. विकसनशील देशांतील रुग्णांच्या गरजांचा विचार परवाना देतानाच करावा, हा त्यांतील एक आहे. मुद्दा मान्य करणे आणि तो करारात उतरविणे यांत अंतर असते, हे आम्ही जाणतो. तरीही आरंभ झाला, हे थोडे नव्हे.

आपल्याकडे हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. १ जानेवारी २००५ पासून भारतातही खुद्द औषधावर पेटंट मिळू लागले. अमेरिकेच्या धर्तीवरील एक विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. ते कायद्यात रूपांतरित झाले नाही. पण आपली विद्यापीठे पेटंटांसाठी अर्ज करीतच आहेत आणि किती पेटंटे मिळविली, हे अभिमानाने सांगत आहेत. त्या अभिमानात आम्हीही सहभागी आहोत. आपल्या समाजाची मुले-मुली आज या प्रयोगशाळांत काम करीत आहेत. त्यांच्या बुद्धीचे चीज व्हावे, त्यांना मोबदला मिळावा, यात गैर काही नाही. आमचे त्यांना एवढेच सांगणे आहे: आपला शोध एखाद्या कंपनीच्या हाती सोपविताना, ज्यांच्यापाशी पैसे नाहीत त्यांच्याविषयी करारात कोणते कलम आहे, हे सहीपूर्वी विचारावे. संशोधनास पैसा पुरविणाऱ्या करदात्यांत मीठ-मिरची विकत घेणारा गरीबही असतो. पिकावर त्याचाही हक्क आहे, आणि कुंपणाला त्याच्यासाठी एक फाटक ठेवणे हे दान नसून देणे आहे.