गाडीतला वास झाकू नका, शोधा

चाळीत वास सुटला की आपण अत्तर शिंपडत नाही, सडका कांदा शोधून बाहेर काढतो. गाडीचंही तसंच आहे.

गेल्या साली आम्ही एक वापरलेली गाडी घेतली. उन्हात उभी राहिली की आत लसणासारखा उग्र वास. सूनबाई स्पष्ट म्हणाली, "मामा, पोराला घेऊन मी यात बसणार नाही." नातू दीड वर्षाचा. तिचं बरोबरच होतं.

शोधायची रीत सोपी आहे. काचा लावून गाडी तासभर उन्हात ठेवा. मग एकेक दार उघडून वास कुठं जास्त येतो ते बघा. नाकाला वासाची लगेच सवय होते, म्हणून मधे मधे मोकळ्या हवेत जाऊन या.

एसी लावल्यावर कुबट वास आला तर पाण्याची नळी तुंबली असेल, नाहीतर केबिन फिल्टर खराब. मेलेला उंदीरही तिथंच सापडतो. गोडसर वास आणि काचेवर चिकट वाफ म्हणजे कूलंट गळतंय. कुजक्या अंड्याचा वास आला तर बॅटरी जादा चार्ज होतेय का बघा. पेट्रोल किंवा गॅसचा वास आला तर गाडी चालूच करू नका.

आमच्याकडं यातलं काही नव्हतं. डिकीतली स्टेपनी काढली, तर खालच्या जाड फेल्टवर तेलकट डाग. पहिल्या मालकाला विचारलं. फवारणीची औषधं तिथंच ठेवून न्यायचा. बऱ्याच ऑरगॅनोफॉस्फेट औषधांना लसणासारखा वास असतो. डिकीतली हवा आणि आपण बसतो तिथली हवा एकच.

हातमोजे, मास्क घालून फेल्ट काढला. जाळला नाही, धूर विषारी असतो. वस्तीपासून, पाण्यापासून लांब पुरला. पत्रा साबण आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं तीनदा धुतला. चार दिवस दारं उघडी ठेवली, तेव्हा वास गेला.

कीटकनाशक नियम १९७१ प्रमाणं औषध खाण्याच्या वस्तूला किंवा जनावरांच्या खाद्याला लागेल असं नेता येत नाही. मग लेकराच्या सीटमागं कशाला? ट्रॉलीत न्या, डबा टबात उभा ठेवून.

आणि एक. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून गाडीत कधीच बसू नका. तिथं नाक कामाला येत नाही.