कुंभकोणम: रथाला नेसवलेले रंग

कुंभकोणमला जाणारा मराठी प्रवासी देवळे बघतो, पितळी समई घेतो, पेल्यातली वाफाळती डिग्री कॉफी पितो आणि तंजावरकडे निघतो. मंदिरे इतकी आणि सवड इतकी थोडी, की नजर सतत गोपुरांच्या शिखरांवर असते. उत्सवाच्या वेळी मंडपात आणि रथावर लोंबणाऱ्या रंगीत कापडाकडे फारसे कुणी बघत नाही. शिवण-टिपणाची हौस असलेल्या गृहिणीने मात्र तिथे चार क्षण थांबावे.

हे ॲप्लिकचे काम, म्हणजे कापडावर कापड शिवण्याचे. लाल कापडावर पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या तुकड्यांचे मोर, हंस, कमळे आणि सिंहासारखे तोंड असलेले काल्पनिक ‘याळी’ मांडायचे, कडा शिवून पक्क्या करायच्या आणि भोवती दोरी किंवा गोट लावून आकार उठवायचा. काश्मिरी कशिद्याचा नाजूकपणा इथे शोधू नये. गर्दीत मागे उभ्या असलेल्या माणसालाही मोर मोरच दिसला पाहिजे, असा इथला सरळ हिशेब आहे.

रथाच्या कडेने लोंबतात ते ‘तोंबै’. खांबासारखे गोल, आतून पोकळ आणि वाऱ्याबरोबर झुलणारे. दारावर असते ते ‘तोरणम्’ आणि डोक्यावरचे छत म्हणजे ‘अस्मानगिरी’. हा शेवटचा शब्द ऐकून मराठी माणूस चमकतो, कारण छताच्या कापडाला जुन्या मराठीतही हाच शब्द होता. मूळ फारसी ‘आस्मान’. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला राज्य स्थापले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. या कामाला त्या दरबाराचा आश्रय मिळाला, असे मानले जाते.

गावात दगडी रथही आहेत. शार्ङ्गपाणी मंदिराचे गर्भगृहच रथाच्या आकाराचे, चाके आणि घोडे-हत्ती जोडलेले. जवळच्या दारासुरमला बाराव्या शतकातल्या ऐरावतेश्वर मंदिराचा मंडपही तसाच. त्यांना वस्त्र लागत नाही. शार्ङ्गपाणीचा लाकडी रथ मात्र चैत्र-वैशाखाच्या सुमारास, तामिळ चित्रै महिन्यात, कापडाने नखशिखांत सजतो.

ऊन, धूळ आणि पाऊस यांनी कापड विटते, म्हणून ते पुन्हा शिवावे लागते. ही कला टिकली ती या गरजेमुळेच. आता छापील कापड स्वस्तात मिळते, आणि दुरून बघणाऱ्याला फरक पटकन कळतही नाही. त्यामुळे कारागीर छोटी तोरणे, उशांचे अभ्रे आणि भिंतीवरचे पडदे बनवू लागले आहेत. प्रवाशाने घेतलेले एक तोरणही म्हणूनच मोलाचे ठरते. घेताना ते उलटून बघावे. मागे टाके दिसले तर काम खरे, नुसता रंग उतरलेला दिसला तर छापील. टाके शिलाई मशीनचे असले तरी नाक मुरडू नये. तुकडे कापणे आणि जुळवणे हातचेच असते.

वास्तुशांतीला किंवा रुखवतात ठेवायला असे तोरण घरीही करता येते. लाल आणि हिरवे कापड आधी पाण्यात भिजवून, धुऊन वाळवावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात पांढरा हंस गुलाबी होतो. आकार जाड कागदावर काढून त्यापेक्षा पाव इंच मोठा कापावा, कड आत दुमडून इस्त्री फिरवावी, कच्च्या टाक्यांनी बसवावा आणि मगच बारीक तुरपाई करावी. मोराच्या पिसाऱ्यापासून सुरुवात करू नये. कमळ सोपे, पाच पाकळ्या जमल्या की हात बसतो. दोरी शेवटी लावावी, वळणावर ती ओढू नये, नाहीतर कापडाला चुण्या पडतात.

चेन्नईहून कुंभकोणम सुमारे ३०० किलोमीटर आहे आणि तिथून तंजावर ४०. रेल्वे आणि बस दोन्ही आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा सुखद असते. चित्रैत सजलेला रथ बघायचा तर मात्र ऊन सोसावे लागते.