रस्त्यावरचे दगड

माझ्या थोरल्या भावाचा नातू गेल्या वर्षी पेढ्यांचा पुडा घेऊन नाशिकला माझ्या घरी आला. वय वर्षे 22. अवजड मालवाहू गाडीचा परवाना त्याच्या हाती पडला होता आणि धुळ्याच्या एका मालकाने त्याला मुंबई-इंदूर खेपांवर ठेवून घेतले होते. नमस्कार करून तो म्हणाला, "सरआबा, बाबांनी तुम्हांला गाडीत काय काय सांगितलं होतं, ते मला लिहून द्या." घरातली मुले मला सरआबा म्हणतात, आयुष्यभर महाविद्यालयात शिकवल्याचा हा कौटुंबिक अवशेष.

मागणी विचित्र असली तरी निराधार नव्हती. भाऊ 2021 च्या साथीत गेले. त्यांनी मुंबई-आग्रा रस्त्यावर चाळीस वर्षे ट्रक चालवला. आधी क्लीनर म्हणून, मग उस्तादाच्या हाताखाली शिकून ड्रायव्हर म्हणून. आपल्या मुलानातवंडांना मात्र त्यांनी गाडीच्या पायरीवर पाय ठेवू दिला नाही. मी त्यांचा धाकटा, शिकणारा भाऊ. माझी फी त्या गाडीच्या भत्त्यातूनच भरली जाई. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते मला केबिनमध्ये शेजारी बसवून नेत आणि जे पोटच्या मुलांना सांगायचे नाही ते मला सांगत. मी ड्रायव्हर होण्याचा धोका नाही, याची त्यांना खात्री होती.

लिहायला बसलो तेव्हा प्रथम माझ्या व्यवसायाची लाज वाटली. आपल्याकडच्या प्रवासवर्णनांत रस्ता येतो तो बसणाऱ्याच्या नजरेने. चालवणाऱ्याची फार तर मान दिसते. ट्रकच्या पाठीवरच्या मजकुराचे आम्ही कौतुक करतो, त्यात लोकप्रतिभा शोधतो. मीही एकदा तसा लेख लिहिला होता. भाऊंनी तो वाचला आणि एवढेच विचारले, "त्या मजकुराच्या शेजारचे लाल दिवे चालू होते का, ते पाहिलं होतंस का?" मी पाहिले नव्हते.

म्हणून पहिले वाक्य दिव्यांचे लिहिले. निघण्यापूर्वी गाडीला एक पूर्ण फेरी मारायची, हात मोकळे ठेवून. मागचे दिवे, रिफ्लेक्टर, काचा पुसायच्या. टॉमीने प्रत्येक चाक ठोकायचे. हवा भरलेल्या चाकाचा आवाज टणक येतो, बसलेल्या चाकाचा बद्द येतो, आणि आतल्या बाजूचे चाक डोळ्यांना कळत नाही, ते कानांनाच कळते. मागच्या जोडचाकांच्या फटीत दगड अडकला असेल तर तो तेव्हाच काढायचा. वेगात सुटला तर मागून येणाऱ्याच्या काचेवर जातो. उन्हाळ्यात चाक तापून हवा वाढलेली दिसली तरी सोडायची नाही. हवा मोजायची ती चाक गार असताना. भाऊ ही फेरी मारताना कोणाशी बोलत नसत. त्या दहा मिनिटांत मी त्यांना कधी हसताना पाहिले नाही.

मालाविषयी थोडक्यात लिहिले. ताडपत्रीचा दोर पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळायचा, कारण तोवर माल बसतो आणि दोर सैल पडतो. काट्यावर वजन करून घ्यायचे आणि पावती स्वतःजवळ ठेवायची. बिल्टी न वाचता सही करायची नाही. 2018 पासून ई-वे बिलही सोबत लागते. त्यातले एक गणित मला बोलके वाटते. त्या कागदाची मुदत साधारणपणे 200 किलोमीटरला एक दिवस अशी धरतात. म्हणजे कागद ड्रायव्हरला जेवढा वेळ देतो तेवढा मालक देत नाही.

घाटांवर मी दीड पान लिहिले. आमच्या रस्त्यावर कसारा आहे, चांदवडपुढचा राहुड आहे, सेंधव्याजवळचा बिजासन आहे. ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी घाट चढेल त्याच गिअरमध्ये ती उतरवायची, आणि तो गिअर उतार लागण्यापूर्वी टाकायचा. मध्ये बदलायला गेलो आणि गिअर पडला नाही तर गाडी आपली राहत नाही. ब्रेकवर पाय ठेवून उतरायचे नाही. सतत घासून लायनर तापतात आणि तापलेले ब्रेक पायाला लागतात, पण चाकाला लागत नाहीत. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करण्याची किंवा इंजीन बंद करण्याची जी खोड आहे, तिच्यावर भाऊंचा फार राग होता. इंजीन बंद झाले की हवेच्या ब्रेकची टाकी भरणे थांबते. मग प्रत्येक दाबाबरोबर उरलेली हवा खर्च होत जाते. ब्रेक कोणत्याही कारणाने जातात; पण गाडी आधीच हळू असेल तर ड्रायव्हरजवळ विचार करायला काही क्षण असतात. 4 जुलै 2023 रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर गाड्यांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसे गेली. त्यांतली काही नुसती रस्त्याच्या कडेला होती, एवढेच त्यांचे प्रवासाशी नाते.

मग झोप. इथे माझी लेखणी अडखळली, का ते पुढे सांगतो. लिहिले ते असे. पहाटे दोन ते पाच ही वेळ कोणाचीच नसते. चहा, तंबाखू, मोठ्याने लावलेली गाणी यांनी झोप पुढे ढकलली जाते, फिटत नाही. वीस मिनिटे खरीखुरी झोपल्यानेच ती थोडीफार फिटते. समोरच्या दिव्यांची जोडी एकाऐवजी दोन दिसू लागली, मागचा मैलाचा दगड कोणता होता ते आठवेनासे झाले, म्हणजे आपण डोळे उघडे ठेवून झोपलो आहोत असे समजायचे आणि उजेड असलेल्या ढाब्यावर, रस्त्यापासून पुरते आत, गाडी लावायची. 1961 साली संसदेने मोटार वाहतूक कामगारांसाठी जो कायदा केला त्यात दिवसाचे आठ तास आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती लिहिली होती. भाऊंना मी हे एकदा वाचून दाखवले. ते म्हणाले, "आमची विश्रांती जकातनाक्यावर." आणि ते खरेच होते. रांगेत गाडी अडकली की ड्रायव्हर झोपत, पुढची गाडी हलली की क्लीनर उठवी. 2017 मध्ये वस्तू आणि सेवा कर आला, मुंबईचे जकातनाके गेले, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. त्या रांगांबरोबर झोपेचा एक हक्काचा तुकडाही गेला, याची नोंद मला कुठे आढळली नाही.

शेवटी अपघात. मोटार वाहन कायद्याचे 134 वे कलम मी त्याला सोप्या मराठीत उतरवून दिले: जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची, पोलिसांना कळवायचे. परंतु त्याच कलमात, जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर, असा अपवाद आहे. कायद्याच्या कोरड्या भाषेने जमावाची भीती इतक्या सरळपणे मान्य करावी, हे वाचक म्हणून मला नेहमी अस्वस्थ करते. जानेवारी 2024 मध्ये नव्या न्याय संहितेतील 106 व्या कलमाविरुद्ध देशभर ड्रायव्हरांनी चाके थांबवली, ती याच पेचातून. न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा त्यात होती आणि ते उपकलम तेव्हा लागू होण्यापासून बाजूला ठेवले गेले. नातवाला मी लिहिले: जिवाला धोका वाटला तर गाडी सोडून जा, पण जवळच्या पोलीस ठाण्यातच जा, आणि वाटेतून फोन कर. पळणे आणि जाणे यांत फरक आहे.

चार पाने झाली. आठ दिवसांनी तो पहिल्या खेपेवर जाताना गाडी हमरस्त्याकडेच्या तळावर लावून ती घ्यायला आला. उभ्यानेच वाचली. मग म्हणाला, "सरआबा, एक राहिलं. बाबा संध्याकाळी फिरायला निघाले की रस्त्यातले दगड उचलून कडेला टाकायचे. पाठ वाकत नव्हती तरी. घरात सगळे त्यांना हसायचे. ते का?"

मी त्याला बसायला सांगितले.

1979 च्या मे महिन्यात इंदूरहून कडधान्याची पोती भरून आम्ही मुंबईकडे निघालो होतो. भाऊ, मी आणि सोळा-सतरा वर्षांचा एक क्लीनर. भाऊंची ती जागरणाची दुसरी रात्र होती. शिरपूरला चहा पिताना ते म्हणाले, "दोन तास पडू या का?" दुसऱ्या दिवशी दुपारी नाशिकला माझी शिष्यवृत्तीची मुलाखत होती. घरी जाऊन अंघोळ करावी, इस्त्रीचे कपडे घालावेत, असे माझ्या मनात होते. मी म्हणालो, "भाऊ, उशीर होईल." ते काही बोलले नाहीत. गाडीत बसताना एवढेच म्हणाले, "मग तू बोलत राहा."

मी बोलत राहिलो. बहुधा कुठल्यातरी कवीविषयी. नरडाणा मागे पडल्याचे आठवते. त्यानंतर मला झोप लागली, आणि माझा आवाज थांबल्यावर त्यांनाही. गाडी रस्ता सोडून भरावावरून खाली गेली आणि बाभळींत कलंडली. मला खरचटले. भाऊंच्या डोक्याला सहा टाके पडले. क्लीनरचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मुलाखत मला नंतर वेगळी तारीख देऊन घेतली गेली, आणि शिष्यवृत्ती मिळाली. तिच्यावर माझे पुढचे शिक्षण झाले, प्रबंध झाला. मालकाने घाई केली, असेच आमच्या घरात नेहमी सांगितले गेले. भाऊंनी ते कधी दुरुस्त केले नाही आणि मीही केले नाही. क्लीनरने पुढे पंक्चर काढण्याचे दुकान टाकले. भाऊ दर दिवाळीला त्याच्याकडे जात. मी गेलो नाही.

अपघाताच्या रात्रीच येणाऱ्याजाणाऱ्या ड्रायव्हरांनी गाडीच्या अलीकडे-पलीकडे रस्त्यावर दगड मांडून ठेवले होते, मागच्या गाड्यांना कळावे म्हणून. ही सगळीकडची रीत आहे. तिसऱ्या दिवशी गाडी ओढून काढली आणि माणसे निघून गेली. भाऊ धुळ्याला दवाखान्यात होते. कोणीतरी सांगितले की गाडी निघाली. त्यांनी विचारले, "दगड?" कोणाला ठाऊक नव्हते. डोक्याला पट्टी तशीच, ते उठले आणि मला म्हणाले, "चल." आम्ही एसटीने गेलो, मध्येच उतरलो. भर दुपार होती. दगड जिथल्या तिथे होते, पांढऱ्या रस्त्यावर पांढरे. रात्री ते कोणालाच दिसले नसते. माझा समज असा झाला की डोक्याला मार लागून त्यांना भ्रम झाला आहे.

नातू ऐकत होता. पाने त्याने घडी करून खिशात ठेवली होती.

"तेरा होते," मी म्हणालो. "मोठे."

"तुम्ही दोघांनी उचलले?"

"नाही," मी म्हणालो. "मी बाभळीखाली उभा होतो. भाऊच उचलत होते."