सगळीकडे शून्य

मेलबर्नच्या पश्चिमेला, वेरिबीजवळ आम्ही राहतो. आमच्या गल्लीत कुणाच्या घरून डिंक तळल्याचा वास आला की समजावं, मुलीची आई बाळंतपणाला आली. माझी आई सांगलीहून आली होती, तीन महिन्यांच्या व्हिसावर. अळीव, खारीक, बाळंतशेपा असं सगळं विमानतळावर पुडी न् पुडी उघडून दाखवत तिनं माझ्यापर्यंत आणलं. रोज तेल लावून आंघोळ, शेक, तूप-भात. शरीराचं करायचं तेवढं तिनं केलं, काही कमी ठेवलं नाही.

इथे व्हिक्टोरिया राज्यात बाळ शाळेच्या वयाचं होईपर्यंत कौन्सिलच्या नर्सच्या दहा भेटी ठरलेल्या असतात, मोफत. पहिल्या भेटीला ती घरी येते. आमच्याकडे आली, बाळाचं वजन केलं, डोकं मोजलं आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘तू कशी आहेस?’ आईला इंग्रजी नीट कळत नाही. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘काय म्हणते गं?’ मी म्हटलं, ‘वजन छान आहे म्हणते.’

पुढच्या एका भेटीत नर्सनं कागद पुढे केला. त्याला एडिंबरा मापन म्हणतात, 1987 साली स्कॉटलंडमध्ये तयार झालेलं. गेल्या सात दिवसांबद्दलचे दहा प्रश्न. हसू येतं का, उगाच स्वतःला दोष देता का, कारण नसताना भीती वाटते का, रडू येतं का. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण; शून्य म्हणजे काही त्रास नाही. आई शेजारी बसून बाळाला थोपटत होती. मी सगळीकडे शून्य येईल अशी उत्तरं दिली.

खरं असं होतं की मी रोज नळ सोडून बाथरूममध्ये रडत होते. बाळ झोपलं तरी मला झोप नव्हती. माझ्यावाचून त्याचं जास्त बरं होईल, असंही दोनदा मनात आलं होतं. पण आई एवढ्या लांबून आलेली. तिच्यासमोर कसं लिहायचं? आणि दुसरी भीती याहून मोठी होती: हे लिहिलं तर सरकार बाळ काढून नेईल. ही भीती इथल्या कितीतरी आपल्या मुलींच्या मनात असते, म्हणून स्पष्ट सांगते. त्या कागदावरून नैराश्याचं निदानसुद्धा होत नाही, पुढे बोलायला हवं एवढंच कळतं. फारच गंभीर असेल तर वेरिबी, हायडलबर्ग, क्लेटन इथल्या रुग्णालयांत असे विभाग आहेत जिथे आईला तिच्या बाळासकट दाखल करून घेतात.

आई परत गेली. त्यानंतरच्या भेटीत नर्सनं पुन्हा विचारलं, तेव्हा खोलीत आम्ही दोघी आणि बाळ. मला इंग्रजी शब्दच सुचेना. ‘बाळात मन लागत नाही’ हे इंग्रजीत कसं सांगणार? मी तसंच, मोडकंतोडकं सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं आणि ऐकलं. मग मी डॉक्टरांकडून उपचारांची योजना करून घेतली, जिच्यावर वर्षाला दहा वेळा मानसतज्ज्ञाकडे जाता येतं आणि फीचा काही भाग मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्ययोजना, परत देते. बाळंतपणाच्या काळातल्या नैराश्यात आणि चिंतेत मदत करणाऱ्या ‘पांडा’ या संस्थेच्या फोनवरही मी बोलले. त्यांच्या सांगण्यानुसार इथे पाचातल्या एका आईला आणि दहातल्या एका बापाला हा त्रास होतो. बापाला! माझा नवरा सकाळी सहाला कामावर निघायचा, त्याला तर मीसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

‘आपल्याकडे असलं काही नसतं’ असं म्हणणाऱ्यांसाठी गोव्याचं उदाहरण देते. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात 252 बाळंतिणींपैकी 59 जणींना नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलगाच हवा असताना झालेली मुलगी ही त्यामागची काही कारणं. मला सर्वांत जास्त लागलं ते पुढचं: त्या 59 जणींपैकी 78 टक्के गरोदर असतानाच मनानं खचलेल्या होत्या. म्हणजे ज्या महिन्यांत आपण ‘काय खावंसं वाटतं?’ म्हणून डोहाळे विचारतो, त्याच महिन्यांत मन कसं आहे, हेही विचारता येतं.

वर्षभरानं मी आईला फोनवर सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘तू झालीस तेव्हा मी माळ्यावर जाऊन रडायचे. मला वाटायचं, मीच तशी.’

आज-उद्या लेकीच्या बाळंतपणाला निघणाऱ्या आयांना माझं एक सांगणं आहे. लाडू कराच. लेकीला इंग्रजी जमत नसेल तर दुभाषी मागायला सांगा, तो मोफत मिळतो; ते काम जावयावर टाकू नका. आणि नर्सनं तो कागद काढला की बाळाला घेऊन अंगणात जा. लेकीला तो एकटीला भरू द्या. पाच मिनिटं पुरतात.