केसांचा रंग आणि चौथे शील

भाचीच्या मंगल परिणयाला आठ दिवस उरले होते. रविवारची बुद्धवंदना आटोपून मी वस्तीतल्या ब्युटी पार्लरमध्ये गेले. वेकोलिच्या खाणीत काम करणाऱ्या एका बांधवाच्या मुलीने घराच्या पुढच्या खोलीत ते नुकतेच सुरू केले आहे. तिच्या कर्जाचा अर्ज मीच भरून दिला होता. माझे केस कानांजवळ पांढरे झालेले. म्हटले, लग्नात चारचौघांत जायचे, तर थोडे नीटनेटके दिसावे. मी गडद तपकिरी रंग सांगितला.

तासाभराने केस धुऊन टॉवेल काढला आणि आरशात पाहते तो काय! फाल्गुनात आमच्या जंगलातला पळस पेटावा तसे डोके पेटलेले. मुळाशी तर नारिंगी झाक. ती बिचारी घाबरून गेली. मी सातशे रुपये टेबलावर ठेवले आणि एक शब्दही न बोलता पदर डोक्यावरून घेऊन घरी आले.

घरी आल्यावर मुलगा हसला आणि शेजारीण म्हणाली, "माय वं, हे काय करून घेतलं डोक्याचं?" दुसऱ्या दिवशी कार्यालयात प्रत्येकजण माझ्या चेहऱ्याऐवजी डोक्याकडे पाहून बोलत होता. पण सर्वात जास्त लागले ते एका उपासिकेचे बोलणे. ती म्हणाली, "ताई, मागच्या बैठकीत तुम्हीच पोरींना सांगितलं ना, केस रंगवण्यापेक्षा पुस्तकं घ्या म्हणून?" तिचे खरेच होते. मी तसे म्हणाले होते आणि फार तोऱ्यात म्हणाले होते.

सोमवारी रात्रीपर्यंत माझे ठरले होते. सुटी टाकायची, माजरी जंक्शनवरून गाडी धरायची आणि चंद्रपूरच्या एखाद्या मोठ्या सलूनमध्ये जाऊन हे निस्तरायचे. आणि त्या मुलीकडे पुन्हा कुणी जाऊ नका, हेही बायकांना सांगायचे. सांगायला सुरुवातही केली होती. दोघीतिघींना तर सांगून झाले होते.

आई लग्नासाठी आमच्याकडे आली होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "पण तुनं तिले मेंदीचं सांगितलं का वं?"

मी गप्प झाले. गेली पाच वर्षे मी दर महिन्याला बाजारातली मेंदी लावत होते. रंग कालवण्याआधी त्या मुलीने मला स्पष्ट विचारले होते, "काकू, आधी काही लावत होता का?" आणि मी "नाही" म्हटले होते. का म्हटले? एवढ्या वर्षांची कार्यकर्ती चोरून केस रंगवते, हे त्या पोरीला कळू नये म्हणून. दर रविवारी विहारात पंचशील घेते. त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. ते मी पार्लरच्या खुर्चीत बसून मोडले होते आणि वर दोष दुसऱ्याच्या माथी मारत फिरत होते.

आई पुढे म्हणाली, तिच्या लहानपणी गावचा न्हावी आपल्या माणसांचे केस कापत नसे. वस्तीतलाच कुणी कात्री घेऊन बसे. मला बाबासाहेबांची आठवण झाली. साताऱ्याला राहत असताना त्यांचे केस त्यांची मोठी बहीण कापीत असे. गावात न्हावी होते, पैसे द्यायची ऐपतही होती, पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता. हे स्वतः बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे. आज आपल्याच समाजाची मुलगी दुकान थाटून बसली आहे, सगळ्या जातींच्या बाया तिच्यापुढे मान वाकवून बसतात, आणि ते दुकान मी माझ्या एका खोटेपणापायी बसवायला निघाले होते!

मंगळवारी संध्याकाळी मी तिच्याकडे परत गेले आणि मेंदीचे खरे ते सांगितले. ती रडलीही नाही आणि रागावलीही नाही. फक्त म्हणाली, "काकू, मग बरोबरच आहे. असंच होणार होतं."

तिने जे समजावून सांगितले, ते मी भगिनींसाठी येथे देते. कायमच्या रंगात दोन कामे होतात. अमोनियासारखे द्रव्य केसाचे वरचे आवरण सैल करते, आणि हायड्रोजन पेरॉक्साईड केसाचा मूळ काळेपणा फिका करून नवा रंग आत बसवते. मात्र मेंदीचा लाल रंग पेरॉक्साईडने सहजासहजी निघत नाही. वरचा काळेपणा उतरला की दडलेला लाल उघडा पडतो. पांढऱ्या केसांना स्वतःचा रंगच नसतो, म्हणून ते आणखी भडक दिसतात. शिवाय टाळूच्या उबेने मुळाशी रंग लवकर चढतो.

मग यावर उपाय काय? पहिली गोष्ट म्हणजे घाईने ब्लीच करायचे नाही. त्याने केस तुटतात. दुसरी, भडक रंगावर फिकट रंग लावून भडकपणा जात नाही. रंगाने रंग मारायचा असतो. तिने मला गोल तक्ता दाखवला. शाळेत चित्रकलेच्या तासाला असायचा, तोच. लालच्या समोर हिरवा, नारिंगीच्या समोर निळा. समोरासमोरचे रंग एकमेकांना शांत करतात. म्हणून तिने निळसर-हिरवट झाक असलेला, राखाडी तपकिरी, बिनअमोनियाचा रंग निवडला, पहिल्यापेक्षा एक छटा गडद.

पण तो लगेच लावला नाही. आधी मानेमागचे चार केस कापून त्या मिश्रणात टाकून पाहिले. बाजारच्या काही मेंदीत धातूचे क्षार मिसळलेले असतात. त्यांचा पेरॉक्साईडशी संबंध आला की केस तापतात, जळतात. माझ्या केसांना तसे काही झाले नाही. मग कानामागे रंगाचा ठिपका लावून अठ्ठेचाळीस तास थांबवले. मधल्या दोन दिवसांत कोमट पाण्याने आणि साध्या शाम्पूने दोनदा केस धुवायला सांगितले. त्याने थोडा रंग उतरला. शुक्रवारी तिने रंग लावला, दर पाच मिनिटांनी एक बट पुसून पाहिली आणि वेळेत धुतला. केस अगदी काळे झाले नाहीत. उन्हात अजून लालसर दिसत होते, पण पळस विझला होता. पैसे घ्यायला ती तयार नव्हती. मी बळेच दिले.

अठ्ठेचाळीस तास थांबणे फार महत्त्वाचे आहे. बहुतेक गडद रंगांत आणि 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीतही पुष्कळदा पीपीडी नावाचे रसायन असते. काहींना त्याची ॲलर्जी होते. खाज येते, पापण्या सुजतात. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर ताबडतोब दवाखाना गाठावा. पापण्यांना आणि भुवयांना हा रंग कधीही लावू नये.

आपल्या माजरीकरांना एक गोष्ट ठाऊक असावी. या कृत्रिम रंगांचे मूळ कोळशात आहे. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या द्रव्यापासून क्विनाईन करायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. तेथून कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. त्यालाही हवे होते एक आणि निघाले दुसरे. पण काय काय मिसळले होते, ते त्याने लपवले नाही.

आता राहिला प्रश्न, आपण केस रंगवावेत की नाही? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि जातीची खूण सांगणारे दागिने टाकून द्यायला सांगितले होते. आपण कसे दिसावे, हे दुसऱ्याने ठरवू नये, हा त्यातला अर्थ मला आज कळतो. मग आपल्या मुलींनी कसे दिसावे, हे मी बैठकीत उभी राहून ठरवणारी कोण? पुस्तके घ्या, हे मी आजही सांगेन. पण केसांवरून कुणाला टोमणा मारणार नाही.

लग्नानंतरच्या रविवारी वंदना झाल्यावर मी सर्वांसमोर उभी राहिले आणि मेंदीची हकीकत जशीच्या तशी सांगितली. ज्या दोघीतिघींना त्या मुलीविरुद्ध बोलले होते, त्या समोरच बसल्या होत्या. पुष्कळ हसू झाले. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारले, "ताई, मग तिच्या दुकानाची वेळ काय वं?"

वेळ मी सांगितली. आणि हेही सांगितले की जाल तेव्हा आधी काय लावले होते, ते खरे सांगा.

जय भीम!